सावलीत मावणारे दुसरे चित्र

स्वस्त प्लास्टिकच्या फिल्म कॅमेऱ्यात शटरचा खटका आणि रोल पुढे सरकवायची चावी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. खटका दाबला की भिंगामागचा पडदा क्षणभर उघडतो आणि मिटतो. चावी फिरवली की फिल्मचा पुढचा चौकोन समोर येतो. दोन्ही कामे माणसाने आठवणीने करायची. चावी फिरवायची राहिली आणि खटका पुन्हा दाबला गेला, तर त्याच चौकोनावर दुसरे चित्र चढते. महाग कॅमेऱ्यांत ही चूक होऊ नये म्हणून कारखान्यातच बंदोबस्त केलेला असतो. फिल्म सरकल्याशिवाय खटका दबतच नाही. आपल्याकडे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा आग्फा क्लिक थ्री असंख्य मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा होता. 120 च्या रोलवर 12 चौकोनी फोटो, आणि उजेडाप्रमाणे निवडायला सूर्य आणि ढग यांची चित्रे. अशा साध्या कॅमेऱ्यांच्या काळात स्टुडिओतून धुऊन आलेल्या रोलमध्ये एखादा फोटो दुसऱ्यावर चढलेला निघाला, की तो वाया गेला असे समजून बाजूला पडे. या पुस्तिकेचा विषय तो बाजूला पडलेला फोटो आहे. तो ठरवून, विचार करून, पुन्हा पुन्हा कसा काढायचा हे पुढच्या प्रकरणांत आहे. या प्रस्तावनेत एवढेच सांगायचे आहे की एकावर एक एक्स्पोजर देणे ही मुळात अंधाराची निवड करण्याची कला आहे. ती शिकायला प्लास्टिकचा कॅमेरा उत्तम, आणि सोलापूरसारखे भगभगीत उन्हाचे गाव त्याहून उत्तम.

अंधाराची निवड म्हणजे काय, ते साध्या बेरजेने समजते. फिल्मवर पडलेला प्रकाश साठत जातो; दुसऱ्या वेळी आलेला प्रकाश पहिल्याला पुसत नाही, त्यात मिळतो. समजा, भुईकोट किल्ल्याचा बुरूज आपण उन्हाच्या विरुद्ध बाजूने टिपला. मागच्या आकाशाने फिल्मला 64 भाग प्रकाश दिला आणि काळ्या सावलीतल्या बुरुजाने 1 भाग. आता चावी न फिरवता त्याच चौकोनावर ओसरीच्या सावलीत टांगलेली सोलापुरी चादर टिपली. तिच्या पांढऱ्या सुताने 8 भाग दिले, गडद सुताने 1. आकाशाच्या जागी बेरीज होते 72 आणि 65. या दोहोंत फरक जेमतेम एकदशांशाचा, म्हणजे डोळ्याला नक्षी दिसणारच नाही. बुरुजाच्या जागी मात्र बेरीज होते 9 आणि 2, म्हणजे साडेचार पट फरक. चादरीची सगळी वेलबुट्टी किल्ल्याच्या आकारात उमटेल आणि आकाश कोरे राहील. दोन्ही चित्रांत काय आहे यावर हे ठरत नाही, पहिल्या चित्रात काळे कुठे आहे यावर ठरते. दुसऱ्या चित्राला राहायला जागा लागते आणि ती जागा पहिल्याच्या सावलीतच असते. नवशिक्याचा पहिला रोल बहुधा राखाडी धुक्यासारखा येतो, कारण त्याने दोन्ही वेळा उजेड टिपलेला असतो. दोन सुंदर फोटोंची बेरीज सुंदर होत नाही. एका अर्ध्या रिकाम्या फोटोत दुसरा नीट बसला, तरच काही हाती लागते.

चादरीचे उदाहरण केवळ गावाच्या प्रेमापोटी घेतलेले नाही. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी पाहावी. एका अंगाला जिथे फूल गडद आणि भुई फिकी, तिथे दुसऱ्या अंगाला फूल फिके आणि भुई गडद. जकार्डच्या मागावर पत्त्यांना पाडलेली भोके ठरवतात की कोणता उभा धागा वर उचलला जाईल आणि कोणता खाली राहील. वर आलेला रंग दिसतो, खाली गेलेला दुसऱ्या बाजूला निघतो. एका जागी एकाच वेळी दोन्ही रंग वर येऊ शकत नाहीत. तेलंगणातून इथे येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या इतरांनी हे शिस्तीचे गणित पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहे. चादरीचा नमुना काढणारा माणूस चौकटीच्या कागदावर एकेक घर भरतो तेव्हा तो सतत हाच निर्णय घेत असतो: इथे कोण दिसेल, कोण मागे राहील. डबल एक्स्पोजर काढणाऱ्याला नेमके हेच करायचे असते. फरक इतकाच की मागावर जे काम भोके पाडलेला पत्ता करतो ते इथे सावली करते. म्हणून या विषयाची ओळख करून घ्यायला परदेशी छायाचित्रकारांच्या संग्रहांआधी चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात चादर उलटीसुलटी करून पाहावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

इथे एक इशारा द्यायला हवा. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात. मिलच्या भोंग्याचे गाव, मार्शल लॉचे गाव, सिद्धरामेश्वरांचे गाव अशी त्याची अनेक रूपे आहेत. मग एकावर एक चढवलेले चित्र या गावाला आपोआप शोभेल, असा विचार सहज मनात येतो. हा मोह टाळावा. भाषांची सरमिसळ फिल्मला कळत नाही, तिला फक्त उजेड कळतो. जुन्या मिलच्या आठवणीवर यंत्रमागाचे चित्र चढवले म्हणून इतिहास दिसत नाही. दोन्हींत प्रकाश सारखा असेल तर फक्त गोंधळ दिसतो. अर्थ नंतर येतो, आणि आला तर सावलीच्या वाटेने येतो.

आता कॅमेऱ्याविषयी. या कामासाठी आज सर्वांत परिचित नाव होल्गाचे. 1982 मध्ये हाँगकाँगमध्ये हा कॅमेरा निघाला. कँटोनीज भाषेत 'खूप उजळ' अशा अर्थाच्या शब्दांवरून त्याचे नाव आले. आत प्लास्टिकचे किंवा साध्या काचेचे एक भिंग, सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाचे एकच शटर, शिवाय बोट दाबून ठेवू तेवढा वेळ उघडे राहणारी 'बी' खूण. सूर्य आणि ढग यांच्यामध्ये सरकणारी एक पट्टीही आहे, पण सुरुवातीच्या अनेक होल्गांत ती सरकवल्याने छिद्राचा आकार बदलतच नसे. मागच्या झाकणाला लहान लाल खिडकी असते. तिच्यातून रोलच्या पाठीच्या कागदावरचे आकडे दिसतात. झाकणाच्या फटींतून उजेड शिरू नये म्हणून काळी चिकटपट्टी लावावी लागते. जाणत्या वाचकाला इथे प्रश्न पडेल. एकावर एक एक्स्पोजर द्यायचे असेल तर प्रत्येक वेळचा प्रकाश निम्मा करावा, हा सर्वमान्य नियम आहे. ज्या कॅमेऱ्यात ना शटर बदलता येते ना छिद्र, त्यात हा नियम पाळायचा कसा? आक्षेप बरोबर आहे. त्याचे उत्तर हेच या कॅमेऱ्याचे खरे मोल आहे. महाग कॅमेऱ्यात जे आकडा बदलून साधते ते इथे जागा बदलून साधावे लागते. भर उन्हातून ओसरीत आले की प्रकाश साधारण आठपटीने कमी होतो. ओसरीतून माजघरात गेले की आणखी कितीतरी कमी. छिद्राची कडी बोटाशी नाही, म्हणून माणूस डोळ्याने उजेड मोजायला शिकतो. 100 आयएसओच्या फिल्मला भर उन्हात 16 क्रमांकाचे छिद्र आणि साधारण शंभरांश सेकंद पुरतो, असा जुना ठोकताळा आहे. होल्गाचे छिद्र याहून मोठे, म्हणजे सोलापूरच्या उन्हात एकाच दाबात फिल्मला थोडे जास्तच मिळते. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश एकदोन स्टॉपपर्यंत सहसा निभावून नेते. कमी प्रकाश मात्र माफ करत नाही. त्यामुळे पहिला दाब उन्हातल्या ठसठशीत आकारासाठी आणि दुसरा सावलीतल्या नक्षीसाठी, ही वाटणी या कॅमेऱ्याच्या अंगाला अगदी बेतलेली बसते. आणि ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जिथे दुपारी रस्त्याची एक कड पांढरी आणि दुसरी काळी दिसते, तिथे ही वाटणी शोधायला फार फिरावे लागत नाही.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की यात कला कसली, हा नशिबाचा खेळ आहे. होल्गाच्या व्ह्यूफाइंडरमधून दिसते त्यापेक्षा फिल्मवर जास्त येते, कोपरे काळवंडतात, धुऊन येईपर्यंत काय झाले ते कळत नाही. हे सगळे खरे आहे. पण अनिश्चितता किती, याचा हिशेब मांडता येतो. व्ह्यूफाइंडर प्रत्येक वेळी तेवढ्याच प्रमाणात चुकतो, कोपरे प्रत्येक वेळी तसेच काळवंडतात. एक रोल सरळ चित्रांवर खर्च करून ही चूक पाहून घेतली की ती चूक राहत नाही, कॅमेऱ्याचा स्वभाव होते. राहिलेली अनिश्चितता वही कमी करते. पहिल्या दाबाच्या वेळी चौकोनाचे साधे रेखाचित्र काढायचे, काळ्या भागावर पेन्सिल घासायची, आणि दुसऱ्या दाबाआधी ते समोर धरून पाहायचे की नवी वस्तू त्या घासलेल्या भागात पडते का. एवढ्या एका सवयीने रोलमधल्या कामाच्या फ्रेम वाढतात. कुंभाराची भट्टीही आतून दिसत नाही, म्हणून कोणी मडके घडवण्याला जुगार म्हणत नाही. भट्टीने दिलेला रंग थोडा वेगळा निघतो, तो कुंभार स्वीकारतो. घडवणे मात्र त्याच्या हातचेच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांचे हे वेड बाहेरून आलेले आहे, 1992 मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या लोमोग्राफीच्या चळवळीने ते जगभर विकले, आपल्या मातीशी त्याचे नाते काय? विक्रीचा भाग खरा आहे. पण एका फिल्मवर दोनदा प्रकाश पाडण्याचे तंत्र महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी रुजले. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. 1918 च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाला आपले शिर धडावेगळे झालेले दिसते. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी स्वतःच्या रूपात निरनिराळे भाव दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. त्या काळी असे बदल करायला संगणक तर नव्हताच. कॅमेऱ्यातच प्रकाश हळूहळू बंद करायचा, फिल्म मोजून मागे फिरवायची आणि त्याच फ्रेमवर दुसरे रूप हळूहळू उघडायचे, अशी रीत होती. अशा युक्तीत काळ्या पार्श्वभूमीचे महत्त्व ज्याला कळत नाही त्याच्या हाती फक्त डाग लागतो. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकलेले. छायाचित्रण, ब्लॉक करणे, छपाई हे सगळे त्यांनी हाताने केलेले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः तयार केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. साधन अपुरे असले तर साधनाचा स्वभाव ओळखून काम काढायचे, ही रीत या प्रदेशाला परकी नाही. 'कालिया मर्दन' आज पाहायला मिळतो. तो चमत्कार म्हणून पाहू नका. पडद्यावर काळे कुठे आहे ते शोधत पाहा.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. छायाचित्र साक्षीदार असते. जे एकत्र नव्हते ते एकत्र दाखवणे म्हणजे खोटी साक्ष. अमेरिकेत विल्यम मम्लर नावाच्या छायाचित्रकाराने 1860 च्या दशकात जिवंत माणसांमागे त्यांच्या मृत नातलगांच्या धूसर आकृत्या दाखवणारे फोटो विकले; 1869 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, तो सुटला, पण या तंत्राला तो डाग कायमचा लागला. शोकात असलेल्या माणसांना लुबाडायला हे तंत्र वापरता येते हे नाकारून चालणार नाही. पण दोष एकावर एक प्रकाश पाडण्यात नव्हता, तो लपवण्यात होता. आजचा विचार करा. खिशातला फोन रात्री एक फोटो काढतो म्हणजे प्रत्यक्षात अनेक फ्रेम टिपतो, त्या जुळवतो, अंधारातला तपशील एकीतून आणि उजेडातला दुसरीतून घेतो, आणि हे सगळे एकाच क्षणाचे चित्र म्हणून आपल्या हाती देतो. तेही मल्टिपल एक्स्पोजरच आहे, फक्त शिवण दिसत नाही. प्लास्टिकच्या कॅमेऱ्यातले डबल एक्स्पोजर आपली शिवण लपवू शकत नाही. बुरुजावर चादरीची फुले पाहणारा कोणीही असे समजत नाही की किल्ल्याला फुले आली. दोन वेळा, दोन जागा, एक फिल्म असे ते चित्र उघड सांगते. त्याने पाळायची अट एकच: बातमी म्हणून ते कधी छापू नये, आणि खाली दोन्ही जागांची नावे लिहावीत. या पुस्तिकेतल्या प्रत्येक चित्राखाली म्हणूनच दोन ओळी आहेत.

हेच सगळे संगणकावर पाच मिनिटांत होते, मग फिल्म कशाला, असेही विचारले जाईल. होते, हे मान्य. पण संगणकावर दुसरे चित्र पहिल्यावर ठेवून सरकवता येते, फिकट करता येते, नको तर काढता येते. म्हणून तिथे पहिल्या चित्रात जागा राखून ठेवण्याची गरजच उरत नाही, आणि ज्याची गरज नाही ते माणूस शिकत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. कॅमेरा स्वस्त, पण रोल स्वस्त राहिलेला नाही. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स 'इंदू' नावाने आपली कृष्णधवल फिल्म काढत असे. तो कारखाना बंद पडला आणि आता फिल्म बाहेरून येते. रोल धुऊन देणारे स्टुडिओही गावोगावी उरले नाहीत. यावर दोन गोष्टी करता येतात: चौघांनी मिळून एक रोल वापरणे, आणि कृष्णधवल रोल घरीच, डेव्हलपर आणि हायपो आणून धुणे. 12 फ्रेमच्या रोलवर 24 वेळा नीट विचार करून खटका दाबायला मिळतो, हेही हिशेबात धरावे.

शेवटच्या प्रकरणाविषयी थोडे, कारण ते याच गावाचे आहे आणि सर्वांत अवघड आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, संक्रांतीला होमविधी आणि किंक्रांतीला रात्री होम मैदानावर शोभेचे दारूकाम. उंच नंदीध्वज पेलणारे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालून निघतात. भोगीचा नंदीध्वज आणि किंक्रांतीचे दारूकाम एकाच चौकोनावर आणायचे, असा हा प्रयोग आहे. मधले दोन दिवस चावीला हात लावायचा नाही. नंदीध्वज आकाशापुढे टिपला तर प्रयोग तिथेच संपतो. जानेवारीचे स्वच्छ आकाश फिल्म भरून टाकेल आणि दारूकामाची एकही रेघ त्यावर दिसणार नाही. म्हणून मिरवणुकीच्या वाटेवर अशी जागा शोधावी जिथे ध्वजाच्या मागे सावलीतली इमारत आहे, आकाश जवळजवळ नाही, आणि बाराबंदीवर मात्र ऊन पडले आहे. पांढरी बाराबंदी आपली जागा भरेल, मागची काळी भिंत रिकामी राहील. किंक्रांतीच्या रात्री कॅमेरा घट्ट टेकवून 'बी' खुणेवर एकदोन बार होईपर्यंत बोट दाबून ठेवायचे. रात्रीचे आकाश काळे असते, ते फिल्मला काही देत नाही; फक्त दारूकामाच्या रेघा येतात आणि त्या भोगीच्या भिंतीवर जाऊन बसतात. ही जागा यात्रेच्या दिवशी गर्दीत सापडत नाही. डिसेंबरमध्येच मिरवणुकीच्या वाटेने, मिरवणूक जिथून ज्या वेळी जाते त्याच वेळी, एकदा रिकाम्या हातांनी चालून या आणि कोणती भिंत सावलीत असते ते वहीत लिहून ठेवा.